तक्रार न करणारा डोळा

शाळेच्या व्हरांड्यात भिंतीवर अक्षरांचा तक्ता टांगलेला असतो. त्यापासून सहा मीटरवर खडूची रेघ, आणि रेघेमागे पहिलीच्या मुलांची रांग. एकेक मूल पुढे येतं, एक डोळा तळहाताने झाकून वाचतं, मग दुसरा झाकून वाचतं. एक मुलगी डावा डोळा झाकून शेवटच्या ओळीपर्यंत धडाधड वाचते. उजवा झाकायला सांगितल्यावर मात्र तिची मान किंचित वळते आणि बोटांमध्ये बारीकशी फट पडते. तपासणाऱ्या ताई ते पाहतात, जवळ येऊन स्वतःच्या हाताने तिचा उजवा डोळा नीट झाकतात. आता मुलगी गप्प. सगळ्यांत वरचं, सगळ्यांत मोठं अक्षर ती कसंबसं ओळखते आणि तिथेच थांबते.

रांगेतल्या मुलांना वाटतं, हिला अक्षरं येत नाहीत. अनुभवी तपासनीस मात्र ती फट पाहूनच ओळखतो. बोटांतून पाहणाऱ्या मुलाला आपण खोटेपणा करतोय हे ठाऊकही नसतं. आजवर ज्या डोळ्याने जग पाहिलं, तोच उघडा ठेवण्याची त्याची धडपड असते.

घरी विचारलं तर आईवडील चकित होतात. मुलगी चेंडू झेलते, टीव्ही पाहते, जमिनीवर पडलेला मणीसुद्धा उचलते. तिने कधी डोळ्याची तक्रार केली नाही. ती करणार तरी कशी? तिच्या डाव्या डोळ्याने तिला कधी स्पष्ट दिसलेलंच नाही, त्यामुळे काही हरवलंय हे तिला कळायला मार्गच नाही. आणि उजव्या डोळ्याने तिचं सगळं काम भागतंय.

या प्रकरणात दोन गोष्टी पाहायच्या आहेत: तिरळेपणा आणि आळशी डोळा. त्यांचं नातं जवळचं असलं तरी त्या एक नाहीत. तिरळेपणा समोरच्याला दिसतो. आळशी डोळा कुणालाच दिसत नाही, ज्याचा आहे त्यालाही नाही. म्हणूनच दुसऱ्याची भीती जास्त बाळगायला हवी.

सुईत दोरा ओवताना

एक साधा प्रयोग करून पाहा. एक डोळा मिटा आणि सुईत दोरा ओवा, किंवा हात लांब करून पेनाला टोपण लावा. दोरा पुढे जातो, मागे राहतो, टोपण हवेत चाचपडतं. डोळा उघडला की तेच काम पटकन होतं.

आपल्या दोन बाहुल्यांमध्ये सहा सेंटिमीटरच्या आसपास अंतर असतं. तेवढ्या अंतरामुळे प्रत्येक डोळ्याला समोरचं दृश्य किंचित वेगळ्या कोनातून दिसतं. मेंदू ही दोन चित्रं एकमेकांत मिसळतो आणि त्यांच्यातल्या बारीक फरकावरून खोली मोजतो. चार्ल्स व्हीटस्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने 1838 मध्ये स्टिरिओस्कोप नावाचं साधन दाखवून हे सिद्ध केलं. दोन सपाट चित्रं, प्रत्येक डोळ्यासमोर एक, आणि त्यांतून उभं राहिलेलं, खोली असलेलं एक दृश्य.

चित्रं मिसळायची तर दोन्ही डोळे एकाच वेळी एकाच बिंदूवर रोखलेले असावे लागतात. त्यासाठी प्रत्येक डोळ्याला सहा स्नायू आहेत आणि ते चालवायला मेंदूतून निघणाऱ्या तीन नसा. बारा स्नायूंची ही मोट सतत एकत्र हाकावी लागते. यातला ताळमेळ बिघडला की एक डोळा समोर राहतो आणि दुसरा आत नाकाकडे, बाहेर कानाकडे, किंवा वर-खाली वळतो. हाच तिरळेपणा.

मोठ्या माणसाचा डोळा अचानक तिरळा झाला तर त्याला एकाच्या दोन वस्तू दिसतात. मधुमेह, रक्तदाब, मेंदूतला रक्तस्राव किंवा गाठ, नसेला झालेली इजा अशी कारणं त्यामागे असू शकतात, आणि अशा वेळी त्याच दिवशी डॉक्टरांकडे गेलं पाहिजे. लहान मुलाचं मात्र वेगळं असतं. त्याला दोन-दोन दिसण्याचा त्रास फार काळ होत नाही, कारण त्याचा कोवळा मेंदू एक तोडगा काढतो. वळलेल्या डोळ्याकडून येणारं चित्र तो दाबून टाकतो. गोंधळ संपतो, मूल खेळायला लागतं. पण या तोडग्याची किंमत पुढे मोजावी लागते. दाबलेलं चित्र वाचायला मेंदू शिकतच नाही, आणि त्या डोळ्याची नजर वाढायची तशी वाढत नाही. डॉक्टर याला अँब्लिओपिया म्हणतात, आपण आळशी डोळा.

हे नाव जरा अन्यायाचंच आहे. अशा डोळ्यात भिंगाने पाहिलं तर बहुतेक वेळा बाहुली, भिंग, दृष्टिपटल सगळं धडधाकट असतं. डोळा त्याचं काम करत असतो, पण त्याचं म्हणणं ऐकणारं कुणी नसतं.

मांजराची पिल्लं आणि नोबेल पारितोषिक

हे ऐकणं कधी आणि कसं बंद होतं, याचा उलगडा 1960 च्या दशकात अमेरिकेत झाला. हार्वर्डमध्ये डेव्हिड ह्युबेल आणि टॉर्स्टन वीझेल हे दोघे मांजराच्या मेंदूतल्या, दृष्टीशी संबंधित पेशींचा अभ्यास करत होते. त्यांनी नवजात पिल्लांच्या एका डोळ्याची पापणी काही आठवडे शिवून बंद ठेवली आणि मग उघडली. डोळा स्वतः ठीक होता, पण मेंदूतल्या जवळजवळ सगळ्या पेशी आता फक्त दुसऱ्या डोळ्याला प्रतिसाद देत होत्या. शेजारी रिकाम्या पडलेल्या जागेवर कुणी शेत वाढवावं, तसा उघड्या डोळ्याने मेंदूतला बंद डोळ्याचा हिस्सा व्यापला होता. मोठ्या मांजरांवर तोच प्रयोग केला तेव्हा असं काही झालं नाही. म्हणजे नजर घडण्याचा एक काळ असतो आणि तो बालपणी असतो.

1965 मध्ये त्यांनी पिल्लांच्या डोळ्याचा एक स्नायू कापून त्यांना कृत्रिमरीत्या तिरळं केलं. या पिल्लांची दोन्ही डोळ्यांची नजर शाबूत राहिली, पण दोन्ही डोळ्यांचं एकत्र ऐकणाऱ्या पेशी मेंदूतून जवळपास नाहीशा झाल्या. प्रत्येक पेशी एकाच डोळ्याची होऊन बसली. काही तिरळ्या मुलांमध्ये नेमकं हेच दिसतं. ती कधी या डोळ्याने पाहतात, कधी त्या. दोन्ही डोळ्यांना आलटून पालटून काम मिळत असल्याने एकही आळशी होत नाही, पण खोलीची जाण मात्र येत नाही. ह्युबेल आणि वीझेल यांना 1981 चं वैद्यकशास्त्राचं नोबेल पारितोषिक विभागून मिळालं. जगभरच्या बालनेत्ररोगतज्ज्ञांच्या कामाला त्यांच्या प्रयोगांनी भक्कम आधार दिला.

माणसाच्या बाळात हा घडणीचा काळ पहिल्या काही वर्षांत सर्वांत जोमाचा असतो आणि साधारण सात-आठ वर्षांपर्यंत चांगला टिकतो. नंतर तो हळूहळू ओसरतो. दार एका रात्रीत बंद होत नाही, पण जितका उशीर तितकी ढकलाढकली जास्त.

आळशीपणाच्या तीन वाटा

पहिली वाट तिरळेपणाची. ती वर पाहिलीच.

दुसरी नंबरच्या फरकाची. एका डोळ्याला नंबर नाही किंवा थोडा आहे, आणि दुसऱ्याला प्लस चार किंवा मोठा तिरका नंबर आहे. मेंदूला एका बाजूने स्पष्ट चित्र मिळतं, दुसऱ्या बाजूने धूसर. तो स्पष्ट चित्र ठेवतो, धूसर सोडून देतो. अशा मुलाचे डोळे अगदी सरळ दिसतात. आईच्या, आजीच्या, शिक्षकांच्या कुणाच्याही लक्षात येत नाही. व्हरांड्यातली ती मुलगी याच वाटेने आली होती. क्वचित दोन्ही डोळ्यांना मोठा नंबर असून चष्मा नसेल, तर दोन्ही डोळे आळशी राहतात.

तिसरी वाट अडथळ्याची. जन्मतः मोतीबिंदू, किंवा बाहुली झाकेल इतकी पडलेली पापणी. प्रकाश आतच नीट जात नाही. ही वाट सर्वांत घातक आणि सर्वांत घाईची. बाळाच्या एका डोळ्यात जन्मजात दाट मोतीबिंदू असेल तर शक्यतो सहा आठवड्यांच्या आत तो काढावा असं डॉक्टर सांगतात. ‘बाळ जरा मोठं होऊ दे, मग बघू’ या वाक्याने अशा बाळाची एक नजर कायमची जाऊ शकते.

आपल्याकडे तिरळेपणाभोवती समजुतींचं जाळं मोठं आहे. पाळण्यावर चिमणाळं फार जवळ टांगलं म्हणून डोळा फिरला, असं म्हणत आईला दोष दिला जातो. खेळण्यामुळे तिरळेपणा येत नाही. तिरळं मूल घराला भाग्याचं, म्हणून हात लावायचा नाही, असंही काही घरांत मानतात. ‘मोठेपणी आपोआप सरळ होईल’ ही समजूत तर सगळीकडेच आहे आणि तिने सर्वांत जास्त नुकसान केलंय. त्यात खरं एवढंच, की पहिले तीन-चार महिने बाळाचे डोळे अधूनमधून भटकतात, ते चालतं. त्यानंतरही डोळा वळत असेल, किंवा आधीपासूनच एकच डोळा सतत वळलेला असेल, तर थांबू नये. काही बाळांचं नाक मुळाशी चपटं आणि डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यावर कातडीची घडी असते. त्यांचे डोळे तिरळे नसून तसे भासतात, आणि चेहरा वाढला की भास जातो. पण भास की खरं, हे ठरवायचं काम तपासणीचं आहे, शेजाऱ्यांचं नाही.

एका गोष्टीबाबत अजिबात दिरंगाई नको. बाळाच्या बाहुलीत पांढरट चमक दिसली, मोबाइलच्या फ्लॅशने काढलेल्या फोटोत एका डोळ्यात लाल ठिपका आणि दुसऱ्यात पांढरा आला, तर लगेच नेत्रतज्ज्ञांकडे जावं. दृष्टिपटलाचा कर्करोग लहान मुलांत असा दिसू शकतो, आणि कधी कधी तिरळेपणा हेच त्याचं लक्षण असतं. वेळेत सापडला तर मूल वाचतं. म्हणूनच कोणत्याही तिरळ्या मुलाच्या डोळ्याचा पडदा तपासल्याशिवाय तपासणी पूर्ण होत नाही.

न बोलणाऱ्याला विचारायचं कसं

सहा महिन्यांचं बाळ तक्ता वाचत नाही. तरी त्याची नजर तपासता येते, आणि यातल्या काही युक्त्या इतक्या साध्या आहेत की त्यांचं कौतुक वाटतं.

बाळ आईच्या मांडीवर बसलेलं असतं. डॉक्टर खेळणं दाखवतात आणि अंगठ्याने हळूच त्याचा एक डोळा झाकतात. बाळ खेळणं पाहत राहतं. मग दुसरा झाकतात. आता बाळ रडतं, मान हलवतं, डॉक्टरांचा हात ढकलतं. अर्थ स्पष्ट असतो: झाकलेला डोळा त्याच्या कामाचा होता, आणि उघडा राहिलेला त्याला पुरत नाही.

मग टॉर्च. दोन्ही डोळ्यांवर समोरून प्रकाश टाकला की बुबुळावर चमकता ठिपका उमटतो. डोळे सरळ असतील तर दोन्ही ठिपके बाहुलीच्या मध्याजवळ सारख्याच जागी पडतात. एका डोळ्यातला ठिपका बाहेरच्या कडेला सरकला असेल, तर तो डोळा आत वळला आहे. बर्लिनच्या यूलियस हिर्शबर्ग यांनी एकोणिसाव्या शतकात ही पद्धत रूढ केली. ठिपका एक मिलिमीटर सरकला तर तिरळेपणा अंदाजे सात अंशांचा, असा तिचा हिशेब.

तिसरी युक्ती झाकण्याची. मूल लांबच्या चित्राकडे पाहत असताना त्याचा एक डोळा झाकायचा आणि उघड्या डोळ्याकडे लक्ष ठेवायचं. तो जागचा हलला नाही, तर तो आधीपासूनच चित्रावर होता. चित्र पकडायला तो आतून बाहेर किंवा बाहेरून आत सरकला, तर तो तिरळा होता. मग डोळ्यासमोर वेगवेगळ्या जाडीचे प्रिझम धरून ही हालचाल थांबेपर्यंत मोजमाप होतं. शस्त्रक्रिया करायची झाल्यास स्नायू किती मिलिमीटर हलवायचा, हे याच मापावरून ठरतं.

नंबर तपासण्याआधी डॉक्टर अ‍ॅट्रोपिनचं मलम तीन दिवस घरी घालायला देतात, किंवा दवाखान्यातच थेंब घालतात. आईवडिलांना हा नसता खटाटोप वाटतो, कारण नंतर काही दिवस मुलाला उजेड सहन होत नाही आणि जवळचं धूसर दिसतं. पण मुलाच्या डोळ्यातलं भिंग फार लवचीक असतं. ते फुगून प्लस नंबर सहज लपवतं. औषधाने ते ढिलं पडलं की खरा नंबर उघडा होतो. मोठ्यांसारखी यंत्रावर दोन मिनिटांत केलेली तपासणी लहान मुलाला पुरत नाही, ती याच कारणाने.

बोलणाऱ्या मुलांसाठी चित्रांचे तक्ते असतात, घर, सफरचंद, वर्तुळ ओळखण्याचे. थोड्या मोठ्यांसाठी चारी दिशांना तोंड केलेल्या ‘ई’ अक्षराचा तक्ता, ज्यात मूल नुसतं बोटांनी दिशा दाखवतं. अक्षरांचा तक्ता उट्रेख्टच्या हर्मान स्नेलन यांनी 1862 मध्ये बनवला. 6/36 म्हणजे चांगल्या नजरेचा माणूस जे छत्तीस मीटरवरून वाचतो, ते या मुलाला सहा मीटरवर यावं लागतं तेव्हा दिसतं. आळशी डोळ्याची एक खूणही इथे सापडते. एकटं अक्षर तो डोळा वाचतो, पण तेच अक्षर ओळीत, दोन्ही बाजूंना इतर अक्षरं असताना आलं तर गोंधळतो. म्हणून सुटं अक्षर दाखवून केलेली तपासणी फसवी ठरते.

चष्मा, पट्टी, थेंब

उपचारांचा क्रम ठरलेला आहे. आधी वाट मोकळी करायची, म्हणजे मोतीबिंदू किंवा पडलेली पापणी दुरुस्त करायची. मग चित्र स्पष्ट करायचं, म्हणजे चष्मा. मग आळशी डोळ्याला काम द्यायचं, म्हणजे पट्टी किंवा थेंब. आणि गरज असेल तर डोळे सरळ करायचे, म्हणजे शस्त्रक्रिया.

चष्म्याची ताकद लोक फार कमी मानतात. उट्रेख्टचेच फ्रान्सिस्कस डोंडर्स यांनी 1864 च्या आपल्या ग्रंथात दाखवलं, की आत वळणाऱ्या डोळ्यांपैकी पुष्कळांच्या मुळाशी प्लस नंबर असतो. जवळचं पाहताना भिंग फुगतं आणि त्याबरोबर दोन्ही डोळे आत वळतात. ही निसर्गाने घातलेली जोडी आहे. प्लस नंबर असलेल्या मुलाला लांबचं पाहतानाही भिंग फुगवावं लागतं, आणि डोळा नको तिथे आत ओढला जातो. असा तिरळेपणा बहुधा दोन-तीन वर्षांच्या वयात उगवतो. चष्मा लावला की भिंगावरचा भार उतरतो आणि कित्येक मुलांचे डोळे चष्म्यात सरळ होतात. चष्मा काढला की पुन्हा वळतात. ते पाहून घरचे म्हणतात, ‘चष्म्याची सवय लागली, काढून टाका.’ खरं तर चष्मा आपलं काम करतोय, याचाच हा पुरावा असतो.

नंबरच्या फरकाने आळशी झालेल्या डोळ्याची नजरही नुसत्या चष्म्याने काही महिने सुधारत जाते. म्हणून अनेक डॉक्टर आधी चष्मा देऊन वाट पाहतात आणि सुधारणा थांबली की पट्टी सुरू करतात.

पट्टीची कल्पना जुनी आहे. फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ ब्युफाँ यांनी 1743 मध्ये तिरळेपणावर लिहिताना चांगला डोळा काही काळ झाकायला सांगितलं होतं. आजही उपाय तोच आहे, फक्त मात्रा आता मोजून ठरते. अमेरिकेतल्या बालनेत्ररोगतज्ज्ञांच्या गटाने 2003 मध्ये सात वर्षांखालच्या मुलांवर केलेले अभ्यास प्रसिद्ध झाले. मध्यम स्वरूपाचा आळशी डोळा असलेल्या मुलांना रोज दोन तास पट्टी लावली काय आणि सहा तास लावली काय, चार महिन्यांनी सुधारणा सारखीच दिसली. तीव्र आळशी डोळ्यात सहा तास आणि जवळजवळ पूर्ण दिवस यांतही फरक पडला नाही. दिवसभर डोळा झाकून मुलाला शाळेत रडवण्याची गरज बहुतेकांना नाही, हा या अभ्यासांचा मोठा दिलासा आहे.

दुसरीकडे लंडनमधल्या संशोधकांनी पट्टीत छोटं इलेक्ट्रॉनिक यंत्र बसवून ती खरंच किती वेळ लागते ते मोजलं. मुलांच्या डोळ्यावर पट्टी सांगितलेल्या वेळेच्या निम्म्याच्या आसपासच राहत होती. त्यांच्या हिशेबाने तक्त्यावरची साधारण एक ओळ पुढे जायला सुमारे 120 तास पट्टी लागत होती. रोज दोन तास म्हटलं तर हे दोन महिने झाले. आठवडाभरात फरक दिसत नाही म्हणून जी घरं पट्टी सोडतात, त्यांनी हा हिशेब लक्षात ठेवावा.

पट्टी दवाखान्यात लागत नाही, घरी लागते, त्यामुळे हा उपचार घरच्यांनीच निभावायचा असतो. काचेवर चिकटवलेल्या कागदाच्या कडेवरून मूल सहज पाहतं. म्हणून पट्टी थेट कातडीवर, चष्म्याच्या आत चिकटवावी. ती लावून मुलाला नुसतं बसवू नये. आजीबरोबर मटार सोलणं, तांदळातले खडे वेचणं, मणी ओवणं, रांगोळीचे ठिपके जोडणं, चित्र रंगवणं, अशी बारीक नजरेची कामं द्यावीत. खेळण्यातल्या बाहुलीच्या डोळ्यावरही तशीच पट्टी लावावी. दिनदर्शिकेवर रोजच्या तासांपुढे मुलाच्या हाताने चांदणी काढून घ्यावी. पहिले काही दिवस मूल रडेल, पट्टी ओढेल, कारण आपण त्याची चांगली नजर झाकून त्याला अंधुकात ढकलत असतो. हे रडणं खरं आहे, त्याला जवळ घेऊन सोसावं लागतं. बाळ रडलं की झाकलेला डोळा कामाचा, हे आपण वर पाहिलंच. नजर सुधारू लागली की रडणंही कमी होतं.

पट्टी अजिबात टिकत नसेल तर अ‍ॅट्रोपिनचा थेंब चांगल्या डोळ्यात घालतात. त्याने त्या डोळ्याला जवळचं धूसर दिसतं आणि जवळच्या कामासाठी मेंदू आळशी डोळ्याकडे वळतो. मध्यम स्वरूपाच्या दोषात हा मार्ग सहा महिन्यांत पट्टीच्या बरोबरीने उतरतो, असं 2002 च्या अभ्यासात दिसलं. मात्र उन्हात टोपी हवी, आणि बाटली मुलांच्या हाताला लागू नये. ती पोटात गेली तर विषबाधा होऊ शकते.

नजर सुधारली म्हणून उपचार एकदम सोडायचे नाहीत. थांबवल्यावर वर्षभरात साधारण चारांतल्या एका मुलाची नजर पुन्हा घसरते. म्हणून तास हळूहळू कमी करायचे आणि तपासणी चालू ठेवायची. आणि या सगळ्या काळात चांगल्या डोळ्याला जपायचं. दिवाळीतले फटाके, विटीदांडू, धनुष्यबाण, होळीचे फुगे, या प्रत्येक वेळी डोळ्यावर न फुटणाऱ्या काचेचा चष्मा असावा. ज्याला एकाच डोळ्याने चांगलं दिसतं, त्याने तोही गमावला तर उरतं काय?

स्नायू काही मिलिमीटर सरकवताना

1839 मध्ये बर्लिनच्या योहान डिफेनबाख यांनी सात वर्षांच्या एका मुलाच्या आत वळलेल्या डोळ्याचा स्नायू कापून तो सरळ केला. तेव्हा बधिर करणारं ईथर शस्त्रक्रियेत आलं नव्हतं. ते यायला आणखी सात वर्षं होती. त्या मुलाने काय सोसलं असेल, याची कल्पना आजही अंगावर काटा आणते.

आज मुलाला पूर्ण भूल देऊन ही शस्त्रक्रिया होते आणि बहुतेक मुलं त्याच दिवशी घरी जातात. डोळा खोबणीतून बाहेर काढतात, ही भीती निराधार आहे. डोळ्याच्या पांढऱ्या भागावरचा पातळ पापुद्रा उघडून, फार जोरकस स्नायू थोडा मागे नेऊन शिवतात आणि ढिला स्नायू आखडतात. दोन-चार मिलिमीटरचाच खेळ असतो. काहींना पुढे दुसरी शस्त्रक्रिया लागते. त्याचा अर्थ पहिली फसली असा नव्हे. वाढत्या मुलात स्नायू आणि मेंदूचं नातं बदलत राहतं.

शस्त्रक्रियेने डोळा सरळ होतो, त्याची नजर वाढत नाही. नजर चष्मा, पट्टी किंवा थेंबांनीच वाढते, म्हणून आळशी डोळ्यावर बहुधा आधी उपचार होतात. ‘ऑपरेशन झालं, आता चष्मा-पट्टी कशाला’ असं म्हणणाऱ्या घरांत डोळा सरळ दिसतो खरा, पण तो पाहत नाही. जन्मानंतर सहा महिन्यांच्या आत दिसलेला मोठा तिरळेपणा शक्यतो दोन वर्षांच्या आधी सरळ करतात, म्हणजे दोन्ही डोळ्यांना एकत्र काम शिकायची संधी मिळते. उन्हात गेल्यावर एक डोळा मिटणाऱ्या आणि दमल्यावर डोळा बाहेर भटकणाऱ्या मुलांत मात्र पुष्कळदा लक्ष ठेवून, मोजमाप करत थांबता येतं. एका बाजूला मान वाकडी ठेवणाऱ्या मुलाचं मूळ दुखणंही कधी मानेत नसून डोळ्याच्या एखाद्या दुबळ्या स्नायूत असतं.

आणखी एक गोष्ट. सुरकुत्यांसाठी प्रसिद्ध झालेलं बोटॉक्स मुळात तिरळेपणासाठी आलं. सॅन फ्रान्सिस्कोचे डॉ. अ‍ॅलन स्कॉट यांना चाकूशिवाय स्नायू ढिला करायचा होता. त्यासाठी त्यांनी हे विष अत्यल्प मात्रेत वापरून पाहिलं. 1989 मध्ये अमेरिकेत त्याला पहिली मान्यता मिळाली, ती तिरळेपणा आणि पापण्यांच्या आचक्यांसाठी.

वय उलटून गेलं तर

सैन्य, पोलीस, रेल्वे यांच्या भरतीत वैद्यकीय तपासणी असते. गावाकडचा एखादा मुलगा पहाटे उठून वर्षभर धावलेला असतो, लेखी परीक्षा पास झालेला असतो. तिथे त्याला आयुष्यात प्रथमच एक डोळा नीट झाकून वाचायला लावतात. व्हरांड्यातल्या त्या मुलीचा दोष पहिलीत सापडला. याचा एकोणिसाव्या वर्षी सापडतो.

अशांना ‘आता काही होत नाही’ एवढंच सांगून पाठवणं योग्य नाही. 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 7 ते 12 वर्षांच्या मुलांना चष्म्याबरोबर पट्टी आणि थेंब दिले, तेव्हा 53 टक्क्यांची नजर ठळक सुधारली. नुसत्या चष्म्याने 25 टक्क्यांची सुधारली. आधी कधीच उपचार न झालेल्या 13 ते 17 वयाच्या मुलांतही काही प्रमाणात फायदा दिसला. अमेरिकेच्या मेंदूशास्त्रज्ञ सुझन बॅरी बाळपणापासून तिरळ्या होत्या आणि लहानपणी त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाल्या होत्या. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, डोळ्यांच्या सरावानंतर, त्यांना प्रथमच वस्तूंमधली खोली दिसू लागली. असे अनुभव मोजके आहेत, पण मेंदूचं दार मोठेपणीही पूर्ण बंद नसतं हे ते दाखवतात.

आणि डोळा सरळ करायला तर कोणतंच वय आड येत नाही. चाळिशीतली बाई असो की साठीतले आजोबा, शस्त्रक्रिया होऊ शकते. लोक तिला वरवरच्या सौंदर्याची म्हणतात, ते चूक आहे. ‘चकण्या’ म्हणून वर्गात चिडवलं गेलेलं मूल फोटोत खाली पाहायला शिकतं, मुलाखतीत नजर चुकवतं. लग्नाच्या बोलणीत मुलीच्या डोळ्यावरून नकार येतो. समोरच्याच्या डोळ्याला डोळा देऊन बोलता येणं ही आरोग्याचीच गोष्ट आहे.

तक्रारीची वाट पाहू नये

आपल्याकडे यासाठी व्यवस्था आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी 2013 मध्ये पालघरमध्ये झाली. त्यातली फिरती पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा मुलांना तपासायला येतात, आणि दोष आढळल्यास पुढच्या रुग्णालयात पाठवतात. पथक येणार त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नये, आणि हातात चिठ्ठी आली तर ती दप्तरात विसरू नये. खासगी शाळेतल्या मुलांच्या आईवडिलांनी स्वतःहून तपासणी करून घ्यावी: एकदा पहिल्या वर्षात, एकदा तीन-साडेतीनला, आणि एकदा पहिलीत जाण्याआधी. घरात कुणाला तिरळेपणा, आळशी डोळा किंवा मोठा प्लस नंबर असेल, किंवा मूल दिवसांआधी जन्मलेलं असेल, तर त्याहून लवकर.

पोलिओचे थेंब पाजताना मूल काही तक्रार करतंय का, असं आपण विचारत नाही. ते हसतंखेळतं असलं तरी आपण त्याला बूथवर नेतो, कारण तक्रार सुरू होईल तेव्हा उशीर झालेला असेल, हे आपल्या घराघरांत पोहोचलं आहे. डोळ्यांच्या बाबतीत तेवढंच पोहोचायचं राहिलं आहे. मटार सोलता सोलता दोन तास पट्टी लावून बसलेली ती पहिलीतली मुलगी काही महिन्यांनी पुन्हा खडूच्या रेघेवर उभी राहते. उजवा डोळा झाकते, या वेळी बोटं घट्ट मिटलेली असतात, आणि ती एकेक ओळ खाली उतरत वाचू लागते.